तिळ्याचा उपास

कोलार रोड, भोपाळ
रविवार, ३ ऑगस्ट २०२५

श्री. अभिजीत बोधनकर यांस सादर नमस्कार.

आपली माझी ओळख नाही. ओळख नसताना आपण होऊन पत्र लिहिणे हा आगाऊपणा आहे, हे मी जाणते. हे पत्र आधी वहीत दोनदा लिहिले, दोन्ही वेळा खोडले आणि आता टंकताना पुन्हा वाटते आहे की थांबावे. तरीही लिहिते, त्याबद्दल प्रथम क्षमा मागते. आपला ई-मेल मला आपल्या घरच्यांनी दिलेला नाही. आपण आपल्या पुस्तकांच्या पहिल्या पानावर नावाखाली तो लिहिता. ती पुस्तके मी वाचायला घेतली, हा दुसरा आगाऊपणा.

मी क्षितिजा गावंडे, राहणार परतवाडा. शाळा आणि पदवी, दोन्ही मराठी माध्यमातून झाली. शिक्षणशास्त्राच्या अभ्यासक्रमासाठी भोपाळला आले. वसतिगृहात जागा न मिळाल्याने जूनअखेरीपासून आपल्या खोलीत पैसे देऊन राहते. आपण म्हैसूरला असता, एवढेच मला ठाऊक आहे.

लिहिण्याचे कारण केवळ आपण काचेच्या पेटीत मागे ठेवून गेलेला पालीच्या जातीचा प्राणी. पेटीवर आपण ‘रेक्स’ अशी चिठ्ठी लावली आहे. काकू, म्हणजे आपल्या आई, त्याला तिळ्या म्हणतात, कारण पिवळ्या अंगावर कोणी तीळ सांडल्यासारखे ठिपके आहेत. आपण मार्चमध्ये गेल्यापासून काकू त्याला चिमट्याने भरवत होत्या. आषाढी एकादशीला त्यांनी तो चिमटा माझ्या हातात दिला. म्हणाल्या, ‘चातुर्मास संपेपर्यंत हे तू बघ गं. माझा एक नेम आहे.’ कोणता, असे मी विचारले. ‘तो सांगायचा नसतो. सांगितला की फळत नाही.’

मी तोवर भिंतीवरच्या पालीलाही हाकलण्याचे धाडस केले नव्हते. तरीही चिमटा धरायला शिकले. पण तिळ्या माझ्या चिमट्यातून काहीही घेत नाही. पिवळ्या अळ्या दिल्या, तर चुकीच्या उत्तराकडे परीक्षक पाहतो तसा क्षणभर पाहतो, एकदा जिभेने चाचपतो आणि तोंड फिरवून दगडाखाली जातो. रातकिडे पेटीत मोकळे सोडले, तेव्हा पहिल्या काही दिवसांत त्याने दोन-तीन खाल्ले. ते मी स्वतः पाहिले. त्यानंतर ते त्याच्या पाठीवरून चालत गेले तरी तो हलला नाही. मी मिळेल ते वाचून काढले आहे. शब्द कळतात, प्राणी कळत नाही.

काय करावे, एवढेच सांगावे. अधिक त्रास देणार नाही.

आपली विनम्र,
क्षितिजा गावंडे

---

गुरुवार, ७ ऑगस्ट २०२५

श्री. अभिजीत यांस,

आपण उत्तर दिलेत, तेही दुसऱ्याच दिवशी. मी आभारी आहे. ‘रातकिड्यांना कॅल्शियमची पूड लावा. दिवेलागणीला सोडा. खोलीबाहेर जा, बघत बसू नका. घरच्यांबद्दल लिहू नका.’ या चारही सूचना मी पाठ केल्या आहेत.

जवाहर चौकात मासे आणि पक्षी विकणारे एक दुकान आहे, तिथून रातकिडे आणते. कॉलेजच्या वह्यांबरोबर रातकिड्यांचा डबा पिशवीत ठेवताना पाहून दुकानदार म्हणाला, ‘मैडम, मेस का खाना इतना ख़राब है क्या?’ मला हसावे की उत्तर द्यावे ते सुचले नाही. उत्तर रात्री जेवताना सुचले.

काल संध्याकाळी डब्यात पूड टाकून तो हलवला. रातकिडे पिठात लोळल्यासारखे पांढरेशुभ्र झाले. ते पेटीत सोडले, दार लोटले आणि गच्चीच्या पायऱ्यांवर जाऊन बसले. परत आले तेव्हा पेटीत एकही नव्हता. आजही तसेच. मला इतका आनंद झाला की तो कोणाला सांगावा ते कळेना, म्हणून आपल्याला सांगते.

घरच्यांबद्दल लिहू नये ही सूचना मी पाळते आहे. केवळ प्राण्याशी संबंध असल्यामुळे विचारते : दिवेलागणीला काकू निरांजन घेऊन प्रत्येक खोलीत जातात, आपल्याही. त्या उजेडाने तो बुजणार तर नाही ना?

क्षितिजा

---

गुरुवार, १४ ऑगस्ट २०२५

श्री. अभिजीत यांस,

‘निरांजनाने काही होत नाही’ हे आपले उत्तर मिळाले. मग काय होते आहे, हे मला समजत नाही.

रातकिडे रोज नाहीसे होतात आणि तिळ्याची शेपूट रोज बारीक होते. मी आले तेव्हा ती अंगठ्याएवढी जाड होती. आता करंगळीसारखी आहे. खाणाऱ्या प्राण्याची चरबी कुठे जाते? सोमवारी पावसाने दुपारभर वीज गेली, पेटीखालची विजेवर तापणारी चटई गार पडली, म्हणून मी तीच चूक समजून गरम पाण्याची बाटली पंच्यात गुंडाळून ठेवली. तो त्या बाटलीला टेकून डोळे मिटून पडला. डोळे मिटलेला प्राणी पाहून मला फार भीती वाटली. माझे वर्गात लक्ष लागत नाही. काल पाठ घेताना फळ्यावर अर्धे वाक्य लिहून मी थांबले आणि पुढचे अर्धे मला आठवेना. परीक्षेच्या आदल्या दिवशीही माझे असे कधी झालेले नाही.

आणखी एक गोष्ट नमूद करते. ती घरच्यांबद्दल आहे, परंतु कीटकांबद्दलही आहे, म्हणून चालावी. यंदा अंगणात रातकिड्यांचा एवढा आवाज आहे की काकांना, म्हणजे आपल्या वडिलांना, टीव्हीवरच्या बातम्या ऐकू येत नाहीत. पंचवीस वर्षं बरखेड्याच्या क्वार्टरमध्ये काढली, कारखान्याचा भोंगा ऐकला, पण असा त्रास झाला नाही, असे ते म्हणतात. आणि काल तुळशीपाशी त्यांना पांढरे रातकिडे दिसले. काकू म्हणाल्या, ‘रातकिडा कधी पांढरा असतो का? मोतीबिंदू पिकला तुमचा.’ काकांनी लगेच चष्मा पुसला आणि ऑपरेशन ‘बिलकुल टाळता येणार नाही’ असे जाहीर केले.

काका या खोलीत येत नाहीत. उंबऱ्याबाहेर उभे राहून विचारतात, ‘आहे का अजून तो?’ मी ‘आहे’ म्हटले की जातात. ‘एक तर हे जनावर या घरात राहील, नाहीतर मी’ असे ते आपल्याला म्हणाले होते, हे मला काकूंनीच सांगितले. सांगून त्या भाजी चिरायला लागल्या आणि म्हणाल्या, ‘दोघंही राहिले बघ. तिसराच गेला.’

हे लिहायला नको होते. पण आता खोडत नाही.

क्षितिजा

---

सोमवार, १८ ऑगस्ट २०२५

श्री. अभिजीत यांस,

आपण विचारलेल्या विषयावर मी आजवर कधी लेखणी चालवलेली नाही, तरी उत्तर देते. नाही. पेटीच्या कोपऱ्यात, जिथे तो नेहमी जातो, तिथे विष्ठा दिसत नाही. आपण विचारल्यावर सगळा कोपरा पांढऱ्या कागदावर पसरून पाहिला. पूर्वीची, वाळलेली, तेवढीच आहे. ही खूण माझ्या ध्यानात यायला हवी होती.

‘म्हणजे तो खातच नाहीये. किडे दुसरीकडून बाहेर पडत असतील. उद्या लपून बसा आणि बघा,’ असे आपण लिहिले आहे. पेटीला भोक नाही, जाळीही घट्ट आहे. तरी बसेन. आपल्या कपाटाच्या आणि खिडकीच्या मध्ये एका माणसापुरती जागा आहे. लपण्याचा मला सराव आहे. वर्गात मी तेच करते.

क्षितिजा

---

बुधवार, २० ऑगस्ट २०२५

श्री. अभिजीत यांस,

काल सांगितल्याप्रमाणे बसले. निश्चित असे काही सांगता येत नाही.

रातकिडे सोडणे मी तूर्त थांबवले आहे. त्याचे कारण कृपा करून विचारू नये. चिमट्यानेच प्रयत्न करते आहे. आज त्याने तोंड उघडले, पण ती जांभई होती.

एक विचारायचे होते. हा प्राणी किती दिवस उपाशी राहू शकतो, हे आपण घरात कधी कोणाला सांगितले होते का? सांगितले असल्यास नेमक्या कोणत्या शब्दांत?

काकूंची प्रकृती उत्तम आहे. आपण विचारलेले नाही, हे मला माहीत आहे.

क्षितिजा

---

शुक्रवार, २२ ऑगस्ट २०२५

अभिजीतजी,

‘तुम्ही काहीतरी लपवताय’ असे आपण काल लिहिलेत. लपवत होते. मी शब्द दिला होता म्हणून लपवत होते. आता सगळे सांगते. सलग सांगता येईल असे वाटत नाही.

मंगळवारी मी कपाटाआड उभी राहिले. रातकिडे सोडलेले होते. तिळ्या दगडाखालून निम्मा बाहेर आला होता. तेवढ्यात दार उघडले आणि काकू निरांजन घेऊन आल्या. त्यांनी ते टेबलावर ठेवले, पेटीची जाळी उचलली, पदराखालून स्टीलची वाटी काढली आणि एकेक रातकिडा अलगद, पंख दुखावणार नाहीत असा, त्या वाटीत घेतला. वर बशी झाकली. हाताला लागलेली पूड पदराला पुसली. त्या पेटीत वाकून म्हणाल्या, ‘थोडे दिवस काढ रे बाबा. मीही काढतेय.’

मी तिथे न हलता उभे राहायला हवे होते. पण माझा चष्मा कपाटाला लागला.

काकूंना राग आला नाही. त्या पलंगावर बसल्या, वाटी मांडीवर धरून. वाटीत खडखड चालू होती. त्यांनी सांगितले ते त्यांच्याच शब्दांत लिहिते, कारण माझ्या शब्दांत ते फार शहाणे वाटेल.

‘मी एकादशीला देवाला म्हटलं होतं, या चार महिन्यांत माझ्या उंबऱ्याच्या आत कोणाचा जीव जाणार नाही. तेवढ्यात माझ्या पोराला उंबऱ्याच्या आत आण. वाटलं, मी भरवलं नाही म्हणजे झालं, तुझ्या हातून गेलं तर माझ्यावर नाही. मग एकदा त्याच्या तोंडातून रातकिड्याचा पाय बाहेर राहिलेला पाहिला. हलत होता गं तो. घर तर माझंच ना? मग मीच काढून तुळशीत सोडायला लागले.’

मी म्हटले, ‘पण काकू, तिळ्या मरेल.’

‘अभीच म्हणायचा, हा शेपटीवर दोन-दोन महिने काढतो. मी एक वेळ जेवते. त्याला घरातलाच धरला मी. घरातल्यानं नेमाला एवढी साथ नको द्यायला?’

मग त्यांनी माझा हात धरला. आपल्याला सांगू नये, सांगितले की फळत नाही, असे म्हणाल्या. मी शब्द दिला. त्या रात्रीपासून मी रातकिडे सोडले नाहीत, कारण सोडून काय होणार हे आम्हा दोघींना माहीत होते. चिमट्यात धरून दिले, तर तो घेत नव्हता. आपल्याला खरे कळवले असते, तर शब्द मोडला असता. न कळवता आपला प्राणी डोळ्यांपुढे मेला असता. या प्रश्नाला दोनच पर्याय होते आणि दोन्ही चूक होते. अशी प्रश्नपत्रिका माझ्यापुढे कधी आली नव्हती.

गुरुवारी सकाळी काकांनी मला अंगणात बोलावले. त्यांनी तुळशीखालच्या कुंडीआडून एक रातकिडा पकडून मुठीत ठेवला होता. आधी पाऊस झाला होता, तरी पंखांखाली पांढरे उरले होते. ते त्यांनी चिमटीत चोळले, चष्मा वर करून पाहिले आणि म्हणाले, ‘मोतीबिंदू नाही हा. ही तुमची पावडर आहे.’ ते आधी माझ्याकडे, मग स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बराच वेळ पाहत राहिले. रातकिडा सोडून दिला. काकूंना एका शब्दाने बोलले नाहीत. दिवसभर बातम्याही लावल्या नाहीत.

आज सकाळी ते न सांगता बाहेर गेले. परत आले ते दुकानातला रातकिड्यांचा प्लास्टिकचा डबा घेऊन. तो त्यांनी तिळ्याच्या खोलीच्या उंबऱ्यावर ठेवला, आत मात्र आले नाहीत. म्हणाले, ‘दुकानदाराने विचारलं, किसके लिए ले जा रहे हो? मी म्हटलं, घर के लिए.’ काकूंनी ते स्वयंपाकघरातून ऐकले. त्यांच्या हातातले लाटणे थांबले आणि मग पुन्हा चालू झाले.

आज पिठोरी अमावास्या आहे. म्हैसूरला तिथीची आठवण राहतेच असे नाही, म्हणून लिहिते. काकूंनी खीर आणि पुऱ्या केल्या. पूजा झाल्यावर त्यांनी वाणाचे ताट दोन्ही हातांनी डोक्यावर धरले, भिंतीकडे तोंड केले आणि मागे न पाहता विचारले, ‘अतीत कोण?’

हे आमच्या घरीही होते. मागे उभ्या असलेल्या लेकराने ‘मी’ म्हणायचे आणि ताट हाती घ्यायचे. आपल्या घरी गेल्या वर्षीपर्यंत आपण ते घेत होता, खीर पुऱ्यांवर सांडवत. तेही काकूंनी सांगितले आहे.

त्यांनी दुसऱ्यांदा विचारले. मी मागेच होते. माझ्या घशाशी ‘मी’ आला होता. परंतु तो प्रश्न मला विचारलेला नव्हता, आणि दुसऱ्याच्या पेपरात उत्तर लिहिणे मला जमत नाही. काकाही दारात उभे होते. त्यांनी खाली पाहिले. ताटातल्या वाटीतली खीर हलली, तरी काकू ताट खाली घेईनात. तिसऱ्यांदा विचारले ते इतके हळू होते की ते विचारणे होते की काय, मला सांगता येणार नाही.

मग त्यांनी ताट पाटावर ठेवले. उठल्या. तिळ्याच्या खोलीकडे गेल्या. उंबऱ्यावरचा डबा उचलला, माझ्या टेबलावरचा चिमटा घेतला. मी मागे गेले. काकाही गेले, आपण गेल्यापासून पहिल्यांदाच उंबरा ओलांडून. काकूंनी रातकिडा पुडीत घोळवला, मला शिकवावे इतक्या सफाईने, आणि पेटीवर वाकल्या. बांगड्या काचेवर वाजल्या. तिळ्याने दगडाखालून तोंड बाहेर काढले.

‘घे,’ त्या म्हणाल्या. ‘माझ्या हातचं कोणीतरी घ्या रे.’

तो बाहेर आला. चालताना मागचा पाय ओढत होता, इतका अशक्त झाला आहे. शेपटीचे टोक हलायला लागले, सापाच्या शेपटीसारखे. झडप घालण्याआधी ते असे हलते, हे मी पूर्वी फक्त वाचले होते. त्याने चिमट्याकडे पाहिले, काकूंकडे पाहिले, आणि घेतले. चावताना आवाज झाला. काकूंनी डोळे मिटले, पण चिमटा मागे घेतला नाही. दुसराही त्याने घेतला. तिसऱ्याला तोंड फिरवले, आणि काका म्हणाले, ‘नखरे सुरू झाले म्हणजे जगेल.’

त्यानंतर काकू तिथेच जमिनीवर बसल्या. म्हणाल्या, ‘मोडला नेम. आता अभी येत नाही.’ काका म्हणाले, ‘असं काही नसतं, कमल.’ त्या म्हणाल्या, ‘तुम्हाला काय माहीत, असतं की नसतं.’ काका त्यांच्या शेजारी बसले, एवढेच.

मी शब्द दिला होता की नेम आपल्याला सांगणार नाही, कारण सांगितला की फळत नाही. आता तो उरलेलाच नाही, म्हणून तो न सांगण्याचे बंधनही उरले नाही. हा युक्तिवाद कितपत बरोबर आहे, हे मी कोणाला विचारलेले नाही. काकूंना ठाऊक नाही की मी आपल्याला लिहिते. काकांना ठाऊक असावे. आत्ता दारावरून जाताना ते म्हणाले, ‘लिहीत असशील तर सगळं लिही. मी काय बोललो होतो, तेही. आणि ते मी बोलायला नको होतं, तेही.’

एवढ्या दिवसांत मी आपल्याला फक्त एकच प्रश्न विचारत आले, की तो का खात नाही. त्याचे उत्तर आपल्याला आता मिळाले आहे. दुसरा प्रश्न माझा नाही. तो काकूंनी आज संध्याकाळी भिंतीकडे तोंड करून तीनदा विचारला. ज्याला विचारला, तो तिथे नव्हता. मी तो फक्त पोचवते.

वाणाचे ताट पाटावरच आहे. वर परात झाकली आहे. त्याला अजून कोणी हात लावलेला नाही.

क्षितिजा

पाठवले : शुक्रवार, २२ ऑगस्ट २०२५, रात्री ८ वाजून ४७ मिनिटांनी.